तीन चार्जरवाले ट्रान्सफॉर्मर, दोन व्हॉल्व्ह आणि गिटारचा अ‍ॅम्प

जळगावच्या गोलाणी मार्केटला दुकानात गेलो आणि म्हटलं, सहा-शून्य-सहाचे दोन ट्रान्सफॉर्मर द्या, एक पाच अँपिअरचा आणि एक तीनचा, आणि नऊ-शून्य-नऊ तीन अँपिअरचा एक. दुकानदार म्हणे, "काय भो, चार्जर करनं शे का?" म्हटलं नाही, गिटारचा अ‍ॅम्प करायचाय, तोही व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. तो हसला आणि बिलातले वीस रुपये कमी केले, बहुतेक दया आली असावी.

आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला सामान घ्यायला सुरुवात केली आणि श्रावणातल्या कानबाईच्या आधी अ‍ॅम्प वाजला, म्हणजे फक्त रविवारी काम करूनही तीन महिन्यांत होतो. सगळा खर्च स्पीकर धरून सहा हजारांच्या आसपास गेला. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प महाग का पडतो याचं उत्तर बहुतेक वेळा लोखंड हेच असतं. आत रेझिस्टर-कपॅसिटर मोजून पंचवीस-तीस, ते तर किरकोळीत येतात, पण खास वाइंड केलेले पॉवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवले की कुरियरचंच बिल बघून माणूस गिटार विकायला काढतो. म्हणून हा सगळा अ‍ॅम्प आपल्या गल्लीत मिळणाऱ्या तीन ट्रान्सफॉर्मरवर बसवलाय, आणि कुठे काय का चालतं ते पण सांगतो, म्हणजे तुमच्याकडे थोडं वेगळं सामान असलं तरी अडणार नाही.

आधी भीती घालतो

यात जवळपास ३०० व्होल्ट डीसी असतो आणि तो प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बसून राहतो. मोबाइल रिपेअर करणाऱ्या, एलईडी बल्ब उघडणाऱ्या पोरांना सवय असते की प्लग काढला की झालं. इथे नाही. नियम साधे आहेत. प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, मग मल्टीमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून पहिल्या कपॅसिटरवर मोजा, १० व्होल्टच्या खाली आलं की मगच हात घाला. चालू अवस्थेत मोजायचं असेल तर काळी पिन क्रोकोडाइल क्लिपने चॅसिसला लावून टाका आणि एकच हात वापरा, दुसरा खिशात. चप्पल घालून, कोरड्या जागी, आणि घरात कुणीतरी असताना. मेन्सचं वायरिंग आयुष्यात कधी केलं नसेल तर तेवढा भाग ओळखीच्या वायरमनला समोर बसवून करा, त्यात लाज नाही.

कुठला व्हॉल्व्ह

दोनच लागतात, एक ईसीसी८३ आणि एक ईएल८४. अमेरिकन नावं अनुक्रमे १२एएक्स७ आणि ६बीक्यू५, वस्तू तीच. ईसीसी८३ मध्ये दोन ट्रायोड (सिग्नल मोठा करणारे साधे भाग) एकाच काचेत असतात, म्हणजे गिटारचा सिग्नल दोनदा मोठा होतो, आणि ईएल८४ हा पॉवर पेंटोड, तो स्पीकर हलवतो. वॉक्सच्या प्रसिद्ध एसी३० मध्ये हेच ईएल८४ चार असतात, आपल्यात एकच. चांगल्या ट्रान्सफॉर्मरवर एकटा ईएल८४ पाच-साडेपाच वॅट देतो, आपल्या जुगाडावर साडेतीन-चार धरा. चार वॅट ऐकून तोंड वाकडं करू नका, दहा इंची चांगल्या स्पीकरवर हा आवाज शेजारच्या गच्चीवर जातो.

मिळवायचे कुठून? जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत ईएल८४ सापडतो, ईसीसी८३ मात्र फारसा नाही, तो जुन्या पीए म्हणजे सभेच्या लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा टेपरेकॉर्डरमध्ये बघायचा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने म्हणजे बीईएलने हे व्हॉल्व्ह एकेकाळी इथेच बनवले, त्यामुळे जुन्या रेडिओ मेकॅनिककडे अजून एखादा खोक्यात निघतो. तो "वॉल" म्हणेल, तुम्हीही वॉल म्हणा. नाहीतर नवे स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे ऑनलाइन मिळतात, आणि रशियन ६पी१४पी हा ईएल८४ चाच भाऊ, बऱ्याचदा स्वस्त पडतो. जुना घेताना काचेच्या डोक्यावरचा चंदेरी डाग बघा, तो पांढरा दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरलीय, फुकट दिला तरी घेऊ नका.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलोय. युरोपियन नंबरातलं पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत तापणाऱ्या तारेचं असतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची सिरीज, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरची सिरीज. मी भुसावळला भंगारातून एक रेडिओ उचलून आणला, त्यात यूएल८४ होता आणि मला वाटलं एक अक्षर इकडेतिकडे, काय फरक पडतो. त्याचा हीटर ४५ व्होल्टचा निघाला, सहा व्होल्टवर तो मरेपर्यंत लाल होणार नाही. बरं, तेवढ्यावर भागलं असतं, पण हे यू सिरीजवाले एसी-डीसी रेडिओ मेन्सला सरळ जोडलेले असतात, मध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, म्हणजे चॅसिसलाच फेज येऊ शकते. लाकडी डबा काढून मी तो चालू केला आणि चॅसिसला हात लागला. त्या झटक्याने हातातला पेचकस कूलरच्या जाळीत जाऊन अडकला. म्हणून सांगतो, रेडिओ उघडला आणि यू दिसला की सॉकेट, नॉब, टॅग स्ट्रिप काढून घ्या आणि बाकीचा सोडून द्या.

लोखंडाचा हिशोब

पहिला ट्रान्सफॉर्मर, सहा-शून्य-सहा पाच अँपिअर, याला आपण एक नंबर म्हणू. २३० व्होल्ट याच्या प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला. सेकंडरीच्या म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूच्या मधल्या वायरपासून एका टोकापर्यंत ६ व्होल्ट मिळतात, ते दोन्ही व्हॉल्व्हच्या हीटरला. ईएल८४ ला ०.७६ अँपिअर, ईसीसी८३ ला ०.३, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आतच. आणि त्याच सेकंडरीच्या दोन्ही टोकांमध्ये १२ व्होल्ट मिळतात, ते जातात दोन नंबरला.

दोन नंबर म्हणजे सहा-शून्य-सहा तीन अँपिअर, पण उलटा लावायचा. त्याच्या सहा-शून्य-सहाच्या दोन टोकांना १२ व्होल्ट द्या, मधली वायर टेप करून मोकळी ठेवा, आणि त्याच्या २३० च्या बाजूने जवळपास २०० व्होल्ट एसी बाहेर येतात. पूर्ण २३० येत नाहीत, कारण ट्रान्सफॉर्मर वाइंड करताना लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून सेकंडरीला थोडे वेढे जास्त दिलेले असतात, उलटा लावला की तेच वेढे आपल्या विरोधात जातात. आपल्याला ते सोयीचंच आहे, २०० एसीला चार डायोडचा ब्रिज लावून लोडवर २५० च्या आसपास डीसी मिळतो आणि ईएल८४ ला नेमका तेवढाच आवडतो.

कुणी म्हणेल एवढी उठाठेव कशाला, मेन्सचे २३० सरळ रेक्टिफाय करा. अजिबात नाही. गिटारच्या तारा धातूच्या, त्या जॅकच्या ग्राउंडला जोडलेल्या आणि तुमची बोटं त्या तारांवर. मेन्स आणि सर्किट यांच्यात ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि घरात जुना स्टॅबिलायझर पडलाय (आपल्याकडे कुणाच्या घरात नाही?) म्हणून त्यातला ट्रान्सफॉर्मर काढू नका, तो बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, इनपुट-आउटपुट एकाच वाइंडिंगवर, त्यात आयसोलेशन नसतं.

तिसरा नऊ-शून्य-नऊ, हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. खरी गंमत यात आहे. ईएल८४ ला २५० व्होल्टवर सुमारे ५.२ किलोओहमचा लोड हवा असतो आणि स्पीकर तर ८ ओहमचा. ट्रान्सफॉर्मर इम्पिडन्स, म्हणजे हा ओहमचा आकडा, वाढवतो तो वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने. २३० भागिले ९ म्हणजे २५.५६, त्याचा वर्ग ६५३, गुणिले ८ ओहम, उत्तर ५२२५ ओहम. बॅटरी चार्जरचा ट्रान्सफॉर्मर इतका चपखल बसतो हे बघून मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला होता. नीट लक्षात ठेवा, फक्त अर्धी सेकंडरी वापरायची, मधली वायर आणि एक टोक. दोन्ही टोकं घेतली तर १८ व्होल्ट होतात आणि लोड १३०० ओहमवर येतो, मग व्हॉल्व्ह धापा टाकतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर नऊच्या जागी सहा-शून्य-सहाची अर्धी बाजू घ्या, ५.९ किलोओहम येतात, चालतं.

एक अडचण आहे. या प्रायमरीतून सिग्नलसोबत सतत ४० मिलिअँपिअर डीसी वाहतो आणि साध्या ट्रान्सफॉर्मरची लोखंडी कोर त्याने सॅच्युरेट होते, म्हणजे चुंबकत्वाने भरून जाते, बेस पातळ येतो. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय पट्ट्या एकाआड एक उलट्या घातलेल्या असतात. आपल्याला सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने आणि दोघांच्या मध्ये साध्या झेरॉक्सच्या कागदाचा एक थर, बस. म्हणून दुकानात व्हार्निशमध्ये बुडवलेला नसेल असा मागा. फ्रेमची पाकळी वाकवून पहिल्या दोन-तीन पट्ट्या काढायला जीव जातो, बोटं कापतात, पुढच्या भराभर निघतात. सगळ्या परत बसल्या पाहिजेत आणि फ्रेम करकचून आवळा, ढिली राहिली की ट्रान्सफॉर्मर स्वतःच गाणं म्हणतो. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे दिलं तर तो पंधरा मिनिटांत करून देतो, कपाशी-केळीच्या पट्ट्यात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि त्याच्याकडूनच जाड तांब्याच्या तारेचा हातभर तुकडा मागून घ्या, पुढे लागणार आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी न उघडता लावला तरी वाजतो, मी दोन्ही करून पाहिलं, फक्त जाड ई स्ट्रिंगवर दम कमी वाटतो.

चॅसिस

मे महिन्यात कूलर बनवणाऱ्याकडे गेलात तर तो तोंडही वर करणार नाही, पावसाळा लागला की जा. त्याच्याकडून जीआय पत्र्याचा १२ इंच लांब, ६ रुंद, अडीच उंच असा उलटा ट्रे वाकवून घेतला, भोकं त्यानेच पाडली. अ‍ॅल्युमिनियम मिळालं तर उत्तम, काम हलकं होतं. व्हॉल्व्हचं नऊ पिनी सॉकेट सिरॅमिकचं घ्या.

भोकं पाडण्याआधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जागा कानाने ठरवायची. एक नंबरला मेन्स द्या, तीन नंबरच्या ९ व्होल्टच्या बाजूला जुना हेडफोन जोडा, बाकी काहीच जोडायचं नाही. हुं ऐकू येईल. आता तीन नंबर जरा लांब न्या, काटकोनात फिरवा, एका जागी हुं जवळपास गायब होते, तिथे पेन्सिलने खूण करा. दोन नंबरसाठीही असंच. ही पाच मिनिटं वाचवली तर नंतर महिनाभर हुं शोधत बसाल.

इनपुट जॅक आणि ईसीसी८३ एका टोकाला, मेन्सचा स्विच-फ्यूज दुसऱ्या टोकाला, ईएल८४ मध्ये. ईएल८४ च्या काचेभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, तो भयंकर तापतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच मुळात तापलेली, म्हणून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे १०५ डिग्रीचे घ्या आणि व्हॉल्व्हला चिकटवू नका. ८५ डिग्रीवाले लंडनमध्ये टिकत असतील.

पॉवर सप्लाय बांधा आणि तिथेच थांबा

तीन पिनी प्लग. अर्थची हिरवी वायर चॅसिसला स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून, आणि तो बोल्ट दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही. फेजमध्ये ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, मग दोन पोल स्विच, मग एक नंबरची प्रायमरी. घराचा अर्थ खरंच जमिनीत गेलाय का तेही एकदा बघून घ्या, बऱ्याच घरात तिसरं भोक फक्त शोभेला असतं.

दोन नंबरच्या २०० व्होल्टला चार १एन४००७ डायोडचा ब्रिज. त्यानंतर पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, त्यावर ४७के (के म्हणजे किलोओहम, पुढे एम येईल तो मेगोहम) २ वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आडवे टाका, हेच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करतात, हे विसरलात तर वरचा भीतीचा भाग परत वाचा. पुढे २२० ओहम ५ वॅट, मग दुसरा १०० मायक्रो, इथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरला. पुढे १के २ वॅट, मग ४७ मायक्रो, इथून ईएल८४ च्या स्क्रीनला म्हणजे आतल्या दुसऱ्या जाळीला. पुढे १०के १ वॅट, मग २२ मायक्रो, इथून ईसीसी८३ ला. सगळे कपॅसिटर ४५० व्होल्टचे. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तोवर लोड नसतो आणि व्होल्टेज ३०० च्या वर चढतं, ३५० वाला कपॅसिटर काठावर राहतो.

आता व्हॉल्व्ह न लावता सिरीज बोर्डवर चालू करा. सिरीज बोर्ड म्हणजे बल्ब सिरीजमध्ये असलेला तो आपला वायरमनचा बोर्ड, ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्क जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि शोधा. इलेक्ट्रोलिटिक उलटा लागला असेल किंवा ब्रिजमधला एखादा डायोड. सगळं ठीक असेल तर सरळ मेन्सवर लावून मोजा, मग बंद करून दोन मिनिटांत व्होल्टेज उतरतंय का ते पण मोजा. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हीटर

हीटरच्या दोन वायरी एकमेकींना घट्ट पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्याने न्या. ईएल८४ ची पिन ४ आणि ५. ईसीसी८३ ची ४ आणि ५ एकत्र बांधून एक वायर, दुसरी ९ ला. पिना सॉकेटच्या खालून बघून मोजायच्या, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने. मी वरून मोजल्या. आरशासारखं सगळं उलटं बसलं आणि दोन दिवस मी ट्रान्सफॉर्मरला शिव्या दिल्या.

दोन्ही हीटर वायरींपासून चॅसिसला १००-१०० ओहमचे अर्ध्या वॅटचे रेझिस्टर लावा, याने हुं बरीच कमी होते. आणि हे लावलेत तर एक नंबरची मधली वायर चॅसिसला जोडायची नाही, ती फक्त हीटरची एक बाजू आहे.

व्हॉल्व्ह लावून हीटरचं व्होल्टेज मोजा, सहा ते साडेसहा असेल तर छान. पण एकदा मोजून सोडू नका. दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी घरातून दिसते म्हणून भुसावळकडच्यांना सरळ लाइन मिळते असं काही नाही, आमच्याकडे संध्याकाळी २०५ आणि रात्री दोनला २५० मी स्वतः मोजलेत. म्हणून रात्री उठून एकदा मोजा. हीटर ६.९ च्या वर जात असेल तर एका वायरीत ०.४७ ओहम ५ वॅट टाका, अर्धा व्होल्ट कमी होतो.

आता सर्किट

मी पीसीबी केलीच नाही. टॅग स्ट्रिपवर, व्हॉल्व्हच्या पायाशी, जुन्या रेडिओसारखं. इनपुट जॅकपासून ग्राउंडला १एम. जॅकपासून ६८के, थेट ईसीसी८३ च्या पिन २ च्या अगदी जवळ, ही वायर शिल्डची घ्या. पिन ३ पासून ग्राउंडला १.५के आणि त्याला समांतर २२ मायक्रो २५ व्होल्ट. पिन १ पासून ईसीसी८३ च्या सप्लायला १००के. पिन १ पासूनच २२ नॅनो ६३० व्होल्टचा कपॅसिटर, दुकानात २२३ म्हणून मागा, तो व्हॉल्यूमच्या १एम लॉग पॉटच्या वरच्या टोकाला. पॉटचं खालचं टोक ग्राउंड. १एम नाही मिळाला तर ५००के लावा, जग बुडत नाही.

टोन हवा असेल तर पॉटच्या वरच्या टोकापासून ४.७ नॅनो म्हणजे ४७२, त्याच्यापुढे ५००के पॉट व्हेरिएबल रेझिस्टरसारखा, मग ग्राउंड. फिरवला की ट्रेबल कमी होतो, एवढंच करतो आणि तेवढं पुरतं.

व्हॉल्यूमच्या मधल्या पायापासून ईसीसी८३ च्या पिन ७ ला. पिन ८ ला परत १.५के, पण इथे कपॅसिटर २२ ऐवजी १ मायक्रो लावून बघा. २२ मायक्रोने आवाज जाड येतो पण ओव्हरड्राइव्हमध्ये सगळं गढूळ, १ मायक्रोने कॉर्डमधल्या तारा वेगळ्या कळतात. माझा एक दोस्त यावर बेंजो लावून वाजवतो, त्याला २२ च आवडला, सांगायचा अर्थ कानावर ठेवा. पिन ६ ला १००के सप्लायला, आणि पिन ६ पासून दुसरा २२ नॅनो.

तो २२ नॅनो पुढे ईएल८४ कडे. तिथे ग्राउंडला २२०के, आणि ४.७के मधून पिन २, हा ४.७के सॉकेटच्या पिनेलाच चिकटवा. पिन ३ पासून ग्राउंडला १८० ओहम ५ वॅट, समांतर १०० मायक्रो ५० व्होल्ट. पुस्तकात १३५ ओहम असतो, मी मुद्दाम १८० घातला, रात्रीच्या २५० ला व्हॉल्व्हला श्वास मिळतो. पिन ९ म्हणजे स्क्रीन, त्याच्या सप्लायला. पिन ७ आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या २३० बाजूच्या एका वायरला, दुसरी वायर दुसऱ्या १०० मायक्रोच्या प्लसला. पिन १, ६, ८ ला काहीही जोडू नका. स्पीकरच्या बाजूला २२० ओहम ५ वॅट कायमचा आडवा टाकून ठेवा, कारण स्पीकर न लावता कुणी वाजवलं तर प्रायमरीत हजारभर व्होल्टचे फटके उठतात आणि ट्रान्सफॉर्मर आतून जळतो. कुणीतरी वाजवतंच.

ग्राउंडसाठी ती मोटरवाल्याची जाड तार. इनपुटपासून पॉवर कपॅसिटरपर्यंत सरळ आडवी, सगळे ग्राउंड तिच्यावर त्याच क्रमाने, आणि ती चॅसिसला फक्त एका ठिकाणी, इनपुट जॅकजवळ. पॉवरचा पहिला कपॅसिटर आणि ब्रिजचा मायनस एकमेकांना आधी जोडून मग तारेच्या शेवटच्या टोकाला. जॅक प्लास्टिकचा घ्या किंवा वॉशर लावून चॅसिसपासून वेगळा ठेवा, नाहीतर दोन ठिकाणी ग्राउंड होतं.

जुन्या रेडिओतले मेणाचे कपॅसिटर दिसायला कितीही देखणे असले तरी वापरू नका, ते डीसी गळतात. गळका २२ नॅनो ईएल८४ च्या ग्रिडवर म्हणजे पिन २ वर प्लस व्होल्टेज नेतो आणि व्हॉल्व्हची आतली पत्र्याची प्लेट लाल होते. तपासायचं तर ईएल८४ काढून सॉकेटच्या पिन २ वर मोजा, शून्य आलं पाहिजे.

पहिल्यांदा चालू करताना

स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्य, सिरीज बोर्ड, व्हॉल्व्ह लावलेले, खोलीत अंधार असेल तर बरं. हीटर केशरी दिसले आणि प्लेट काळीच राहिली की सिरीज बोर्ड काढून सरळ मेन्स. मग मोजा. पहिल्या कपॅसिटरवर २६० च्या आसपास, ईएल८४ च्या पिन ७ वर २४० ते २४५, पिन ९ वर जवळपास तेवढंच, पिन ३ वर ८. ईसीसी८३ च्या १ आणि ६ वर १४० ते १६०, ३ आणि ८ वर सव्वा व्होल्ट. दहा टक्के इकडेतिकडे लाइनप्रमाणे होणारच.

ईएल८४ वर किती ओझं आहे ते काढा. पिन ३ वरचे व्होल्ट भागिले १८०. समजा ८.१ आले, म्हणजे ४५ मिलिअँपिअर. त्यातले पाचेक स्क्रीनचे, उरले ४०. पिन ७ आणि पिन ३ मधला फरक २३२ व्होल्ट, गुणिले ०.०४०, सव्वानऊ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट. रात्रीच्या लाइनला पण हे गणित करा, ११ च्या वर जात असेल तर १८० चा २२० ओहम करा.

हुं असेल तर ईसीसी८३ काढून बघा. तरीही तेवढीच असेल तर पॉवर सप्लाय किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा, थांबली तर ग्राउंड किंवा हीटरची वायर. व्हॉल्यूम वाढवल्यावर शिट्टी येत असेल तर ईएल८४ च्या पिन ७ ची आउटपुटकडे जाणारी वायर इनपुटच्या जवळून गेलीय, ती लांब करा. आकाशवाणी जळगाव ऐकू येत असेल तर ६८के पिनेपासून लांब लागलाय.

स्पीकर मी साधा दहा इंची ८ ओहमचा पीएवाला घेतला, कागदी कोनचा, हलका. कारचा वूफर घेऊ नका, कोन जड असतो आणि चार वॅटमध्ये तो नुसता मान हलवतो. खोका १८ एमएम प्लायचा, मागून अर्धा उघडा, चॅसिस वरच्या भागात उलटा न टांगता सरळ उभा ठेवला म्हणजे गरम हवा वर जाते. पहिले आठ-दहा तास वाजवून झाले की फ्रेमचे आणि अर्थचे बोल्ट परत आवळा, उन्हाने पत्रा हलतो. आमच्या घरी लहान पोरं आहेत म्हणून व्हॉल्व्हवर कूलरचीच उरलेली जाळी वाकवून लावली, आणि मागच्या फळीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, आत ३०० व्होल्ट, हात घालू नये. आईने त्याच्याखाली खडूने लिहिलंय, रात्री दहानंतर वाजवू पण नये.